मोठ्या सिस्टर आणि अडतीस नर्सांचा तक्ता

आमच्या मजल्यावरच्या नर्सांच्या ड्युट्या मोठ्या सिस्टर लावायच्या. अडतीस नर्स, तीन पाळ्या, प्रत्येकीची आठवड्याची सुट्टी, कुणाच्या सासूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा, हे सगळं त्या एका भल्यामोठ्या आडव्या कागदावर शिसपेन्सिलीने मांडायच्या. महिनाअखेरीपर्यंत तो कागद खोडून खोडून इतका विरळ व्हायचा की उजेडाला धरला तर पलीकडची खिडकी दिसावी. मी वॉर्डची कारकून, माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी जवळून पाहिलं आणि बऱ्याचदा तोंडावर फाइल धरून हसले.

झालं असं, की नव्या अधीक्षक बाई आल्या आणि म्हणाल्या, "सहा महिन्यांत हा तक्ता एक्सेलमध्ये हवा. कुणाला किती रात्रपाळ्या लागल्या, किती रजा झाल्या, ते आपोआप मोजून आलं पाहिजे."

"येतं मला एक्सेल," मोठ्या सिस्टर ताडकन म्हणाल्या.

हे अगदीच खोटं नव्हतं. त्यांना चौकटी रंगवता यायच्या. आठ दिवसांत त्यांनी कागदावरचा तक्ता स्क्रीनवर हुबेहूब उतरवला. सकाळपाळी पिवळी, दुपार हिरवी, रात्र निळी. मोजायची वेळ आली की मात्र त्या चष्मा वर सरकवून स्क्रीनवर बोट ठेवत एक, दोन, तीन करायच्या. सफाईवाल्या मावशी रोज सकाळी स्क्रीनवरचे बोटांचे ठसे पुसताना माझ्याकडे बघायच्या.

"हे काही खरं नाही," मोठ्या सिस्टरच एकदा मला म्हणाल्या. "पुढचं शिकायलाच हवं. पण शिकायचं तर चांगल्या ठिकाणी. अर्धवट शिकलेल्याच्या हातात आपण इंजेक्शन देतो का?"

आणि चांगल्या ठिकाणाचा शोध सुरू झाला.

त्यांचे मिस्टर निवृत्त चित्रकला शिक्षक. ते म्हणाले, व्हिडिओ बघ, सगळं असतं त्यात. मग जेवणाच्या सुट्टीत एका कानात इअरफोन आणि दुसरा कान रुग्णांच्या बेलकडे, असं शिक्षण चालू झालं. पहिल्या व्हिडिओतला माणूस चार मिनिटं नमस्कारच करत होता. मग एकदम त्याचा माउस असा काही पळायला लागला की मोठ्या सिस्टर स्क्रीनलाच म्हणाल्या, "अरे हळू, बाबा, कुणी मागे लागलंय का?" त्यांनी दुसरा शोधला. तिसरा शोधला. प्रत्येक वेळी "हा चांगला दिसतोय, निवांत बघू" म्हणून यादीत टाकला. औषधांच्या कपाटात बाटल्या लावाव्यात तशी ती यादी लागली. त्रेसष्ट व्हिडिओ झाले. त्यातले पाहून झाले होते अडीच.

मग वाचनालयातून पुस्तक आलं. नऊशे चाळीस पानं. त्याला खाकी कव्हर घालण्यात एक दुपार गेली. पहिली चाळीस पानं प्रोग्रॅम उघडायचा कसा आणि बंद करायचा कसा यातच संपली. महिन्याभराने ते पुस्तक मॉनिटरखाली गेलं, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आला आणि सिस्टरांची मान दुखायची थांबली. पुस्तकाचा एवढा फायदा कुणालाही नाकारता येणार नाही.

त्यानंतर शनिवारचा क्लास. सहा आठवडे. तिथल्या सरांकडे एकच उदाहरण होतं, एक कंपनी आणि तिचे चार विभाग.

"पूर्व विभागात पंखे किती खपले ते मला झोपेत विचार, सांगते," सिस्टर वैतागून म्हणाल्या. "पण माझ्या अडतीस बायकांतली बुधवारी रात्री कोण आहे, ते कुठे सांगतो तो? विचारलं तर म्हणतो, मॅडम, लॉजिक सेमच आहे."

क्लासचं प्रमाणपत्र मात्र मिळालं. सोनेरी वेलबुट्टी, मधोमध 'प्रगत' असा शब्द. ते त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि त्याच काचेवर कोपर टेकून पुन्हा बोटाने मोजायला लागल्या.

शेवटी भाचीने दया दाखवली. एका रविवारी येऊन दहा मिनिटांत सगळं करून गेली. मोठ्या सिस्टर दोन दिवस हवेत होत्या. तिसऱ्या दिवशी दोघींनी ड्युटी अदलाबदल केली, सिस्टरांनी एक ओळ पुसली आणि तक्ताभर चुकीच्या खुणा उमटल्या, गोवर उठल्यासारख्या. भाचीला फोन गेला.

"मावशी, काय दाबलंस तू?"

"मी कशाला हात लावला नाही."

"मग आपोआप झालं?"

"तूच बघ बाई. करून गेलीस तू, निस्तरतेय मी."

त्याच दिवशी तळघरातल्या किचनमधून नेहमीचा कागद वर आला. कोणत्या खाटेला कोणतं ताट, त्याची यादी. बिनमिठाची किती, मधुमेहाची किती, पातळ आहार किती. चौदा नंबरच्या रुग्णाचं जेवण डॉक्टरांनी अकरा वाजता बदललं होतं. सव्वाअकराच्या कागदावर ते बदललेलं होतं आणि खालची बेरीजही बिनचूक.

"सिस्टर, हे एक्सेलच आहे की," मी म्हटलं. "खाली कुणाला तरी चांगलं येतंय."

मोठ्या सिस्टरांनी तो कागद उलटा करून ठेवला. कारण मला ठाऊक होतं. किचनचे प्रमुख, ज्यांना सगळे ताटसाहेब म्हणत, त्यांच्याशी सिस्टरांचं दोन वर्षांपूर्वी फोनवर वाजलं होतं. एका बिनमिठाच्या ताटात मीठ निघालं, तेव्हा सिस्टर त्यांना म्हणाल्या होत्या, "तुम्ही माणसं जेवू घालताय की गुरं?" तेव्हापासून किचनला फोन करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

तीन दिवस त्यांनी काढले. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "चल जरा. फाइल धरायला." लिफ्ट सोडून जिन्याने गेलो, कुणी पाहू नये म्हणून.

किचनमध्ये वाफ, मोठमोठी पातेली आणि कोपऱ्यात प्लास्टिक पांघरलेला कॉम्प्युटर. ताटसाहेब काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी वर पाहिलं.

"या, सिस्टर. मीठ का?"

"मीठ नाही," मोठ्या सिस्टर जमिनीकडे बघत म्हणाल्या. "फॉर्म्युला."

ताटसाहेबांनी टोपी काढली, स्टूल पुढे केलं. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात सांगा. एक्सेल हा शब्द न वापरता."

सिस्टरांनी बराच विचार केला. "प्रत्येकीला किती रात्री लागल्या, ते मला बोटाने मोजायला लागू नये."

"झालं तर. आज तेवढंच शिका. बाकीचं एक्सेल कुठे पळून जात नाही."

त्यांनी फाइलमधला छापील तक्ता पाहिला आणि पहिला घाव रंगांवर घातला. म्हणाले, तुमचे रंग तुम्हाला कळतात, त्याला मोजता येत नाहीत. चौकटीत अक्षर लिहा. सकाळला स, दुपारला दु, रात्रीला रा.

"आणि माझे रंग?" सिस्टरांचा आवाज बारीक झाला.

"अक्षर बघून ते आपोआप येतील. पुढच्या आठवड्यात शिकवतो."

मग त्यांनी प्रोग्रॅमच्या मदतीचं पान उघडलं. "हे कंटाळवाणं आहे, पण थापा मारत नाही. एकेका फॉर्म्युल्याचं उदाहरण दिलेलं असतं. आधी ते जसंच्या तसं करून बघायचं, मग त्यात आपल्या नर्सा घालायच्या. अडलं तर इंटरनेटवर मंच आहेत, तिथे अनोळखी माणसं उत्तरं देतात. फक्त 'चालत नाही हो' असं रडायचं नाही. चार ओळींचा नमुना द्यायचा, काय आलं आणि काय यायला हवं होतं ते लिहायचं. नर्सांची खरी नावं मात्र घालायची नाहीत."

"आणि व्हिडिओ?"

"एक निवृत्त शिक्षिका आहेत. आठ मिनिटांचा धडा आणि सोबत सरावाची फाइल. मी त्यांनाच धरून बसलो. दहा डॉक्टरांची औषधं एकदम घेतो का आपण? आणि हो, मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रत काढायची आणि तिची खुशाल चिरफाड करायची."

"एवढं येत होतं तर दोन वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही फोन आपटला होता, सिस्टर."

त्यावर सिस्टरांना खोकला आला.

पुढचे पाच आठवडे रोज दुपारी अर्धा तास. त्रेसष्ट व्हिडिओंची यादी त्यांनी पुसून टाकली. एका स्वल्पविरामापायी दोन दिवस गेले. आणि एका मंगळवारी शेवटच्या रकान्यात गेल्या तीन महिन्यांच्या रात्रपाळ्या आपोआप उतरल्या. अठरा, एकोणीस, अठरा, वीस. आणि एका नावापुढे एकोणतीस.

ते नाव होतं कुरकुर सिस्टरचं. ही नर्स दर महिन्याला तक्ता लागला की म्हणायची, "मलाच रात्री जास्त." आणि मोठ्या सिस्टर दर महिन्याला म्हणायच्या, "प्रत्येकीला तसंच वाटतं." त्यावरूनच ते नाव पडलं होतं.

सिस्टरांनी फॉर्म्युला चार वेळा तपासला. मग स्वतः किचनला फोन लावला. "तुमचा फॉर्म्युला चुकतोय."

पलीकडून आवाज आला, "तो तुमचाच आहे, सिस्टर."

मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बोटाने मोजलं. एकोणतीस. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. कुरकुर सिस्टर एकटी राहायची. सासू नाही, मुलाची परीक्षा नाही. कुणाची अडचण आली की खोडायला तिचीच चौकट सोपी पडायची. कुरकुरायची, पण नाही म्हणायची नाही.

त्यांनी तिला बोलावून घेतलं, स्क्रीन तिच्याकडे वळवला. "तू खरं बोलत होतीस. चूक माझी."

तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे सगळ्यांसमोर सांगाल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलताना, सगळ्या जणी उभ्या असताना, मोठ्या सिस्टरांनी सांगितलं. आकड्यासकट सांगितलं. पुढच्या तक्त्यात कुरकुर सिस्टरला महिनाभर एकही रात्र नव्हती. तक्ता पाहून ती म्हणाली, "बाई गं, रोज पहाटे पाचला उठायचं म्हणजे..." आणि मग स्वतःच हसायला लागली. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

अधीक्षक बाईंनी तक्ता बघितला, मान हलवली आणि आणखी दोन मजल्यांच्या सिस्टरांना इकडे पाठवलं. त्या दोघी कोऱ्या वह्या घेऊन आल्या. मोठ्या सिस्टरांनी त्यांना दारातूनच परत धाडलं. "वह्या कशाला? आपापला तक्ता घेऊन या. आणि येताना ठरवा, नेमकं काय मोजायचंय."

आता दर बुधवारी तीन वाजता तिघी किचनमध्ये बसतात. ताटसाहेबांनी दोन स्टुलं जास्तीची मागवली आहेत.