तिसऱ्या हिवाळ्याची आल

अमरावतीत अंबानाल्याच्या काठाने रंगाऱ्यांच्या भट्ट्यांची एकेकाळी सलग ओळ होती. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी तिथे एकच भट्टी पेटत होती, मनकर्णाबाईची. बाकीच्यांनी कढया विकल्या होत्या. दूर अमेरिकेत लढाई चालली होती, विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि ज्याला दोन हात होते त्याला गाठोडी बांधायला, गाड्या भरायला बोलावणे येत होते. रंगाऱ्यांची माणसे एकेक करून कापसाकडे गेली.

मनकर्णाबाईचा नवरा सूर्यभान पटकीच्या साथीत वारला. मूल नव्हते. धाकटा दीर देवीदास अकोल्याला कापसाच्या बाजारात कामाला लागला होता, आणि त्याचा निरोप वरचेवर येई की वहिनी, इकडे या. एकदा ती गेलीही. दिराच्या घरी तिला कोणी वाईट वागवले नाही. पण सकाळी उठून कुठे हात घालावा ते तिला कळेना. चुलीशी जाऊबाई होती, अंगणात मोलकरीण होती. ती दाराशी बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहत राही. एका सकाळी तिने दिराला सांगितले की भट्टी बरेच दिवस गार राहिली तर तिला भेगा पडतात, आणि ती परत आली.

माहेर मूर्तिजापूरकडचे. तिथे तिचे वडील कुसुंब्याच्या फुलांचा रंग काढत. तो देखणा, पण पावसात भिजला की अंगावर उतरणारा. आलीचा रंग ती सासरी शिकली. आल हे झुडूप. त्याची फुले-पाने रंगाऱ्याच्या कामाची नाहीत. रंग असतो मुळात, तोही बारीक मुळात. जाड मूळ म्हणजे नुसते लाकूड. आणि तो रंग मुळात भरायला तीन हिवाळे जावे लागतात. तिसऱ्या हिवाळ्यात जमीन कमरेइतकी खणून मुळे काढायची. त्या रंगात बुडवलेला जाडाभरडा लाल कपडा, ज्याला खारवा म्हणत, तो फाटेपर्यंत लाल राही. लोक त्याच्या गोधड्या करत, बैलांच्या झुली करत.

पण तीन वर्षे काळी जमीन अडकवून ठेवायला आता कोण तयार होणार? कापूस सहा महिन्यांत हातात येत होता. अमरावतीच्या आसपासची आलीची वावरे एकामागून एक मोडली. राहिले एकच, तिवशाच्या वाटेवरचे नत्थुजीचे. सूर्यभानच्या शब्दाखातर नत्थुजीने ती आल टाकली होती. पुढच्याच वर्षी सूर्यभान गेला. मेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दाने त्याला कोणी बांधील धरले नसते.

दुसऱ्या वर्षी नत्थुजीच्या बायकोने, गोदाबाईने, आल उपटायचा धोशा लावला. ते कानावर आल्यावर मनकर्णाबाई चालत त्यांच्या वावरात गेली आणि कडेच्या धुऱ्यावर, बांधावर बसली. अडवायला आपल्याकडे काही नाही, एवढेच ती म्हणाली. गोदाबाई तिला पाणी देत नवऱ्याला ऐकू जाईल असे बोलली, "साऱ्या गावाच्या बाया नवी लुगडी नेसून राह्यल्या, आन आमी मुयं राखून राह्यलो."

नत्थुजी बैलाची वेसण नीट करत होता. त्याने वर पाहिले नाही. "तिसरा हिवाळा पाहू दे तिले," तो म्हणाला. "सूर्यभानले बोललो होतो मी."

तिसऱ्या हिवाळ्यात खणणी झाली. मनकर्णाबाई मुळे निवडायला रोज जात होती. जाड एकीकडे, बारीक एकीकडे. शेवटी तिला ताप भरला आणि खणणीचा अखेरचा भाग तिच्या गैरहजेरीत झाला. मुळे गाडीतून घरी आली. गाडी रिकामी करताना नत्थुजीने सांगितले की रंग चांगला उतरला तर शेजारचा पट्टा त्याने मोकळा ठेवला आहे, तिथे पुन्हा आल टाकील. बाजारात कापडाचे दुकान असलेल्या वामनरावांनीही तेच म्हटले होते: माल पाहू, मग पुढचे कापड देऊ. या एका खेपेवर तिचे अमरावतीत राहणे ठरायचे होते. लाल उतरला तर आल होती, कापड होते, भट्टी होती. नाहीतर अकोल्याचे दार होते.

मुळांच्या आधी कापड तयार करावे लागते, आणि तेच खरे कष्टाचे. बकरीच्या लेंड्या पाण्यात कालवायच्या, त्यात एरंडेल आणि पापडखार घालायचा, कापड त्यात भिजवून पायांनी तुडवायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा भिजवायचे, पुन्हा तुडवायचे. पूर्वी दोघे समोरासमोर उभे राहून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून तुडवत. सूर्यभान तुडवता तुडवता डोळे मिटून घेई आणि ती त्याला सांभाळी. आता ती भिंतीतल्या खुंटीला धरून तुडवत होती. खुंटी एकाच बाजूला असल्यामुळे कापडही एकाच बाजूने जास्त तुडवले जाई. मग ती कापड फिरवून घेई, स्वतः फिरण्याऐवजी.

मग हिरड्याचे पाणी, मग तुरटी. तुरटी अंगात मुरलेले कापड पुन्हा एकदा लेंड्यांच्या पाण्यातून काढायचे, म्हणजे सुटी तुरटी निघून जाते आणि धरलेली पक्की बसते. लेंड्या नेहमीसारख्या पार्बताबाईकडूनच आल्या होत्या. ती नाल्यापलीकडे राही, बकऱ्या पाळी. शेवटी मुळे उखळात कुटून तांब्याच्या कढईत घातली आणि खाली अगदी मंद जाळ लावला. घाई केली की रंग काळवंडतो. पाण्यात बोट ठेवता येईल एवढाच जाळ ठेवायचा, हे तिला सासऱ्याने शिकवले होते. ती दिवसभर कढईशी बसून होती. बोलायला कोणी नव्हते, म्हणून दर थोड्या वेळाने ती कापड काठीने उचलून बघे आणि पुन्हा सोडे.

लाल आला नाही. आला तो विटेच्या भुकटीसारखा, मळका, कुठे कुठे पिवळट. तिने आणखी मुळे घातली. पाणी गडद झाले, कापड झाले नाही.

वामनरावांनी कापड उलटेपालटे केले, घडी पूर्वीसारखी नीट घातली. मनाने ते चांगले होते. गोधडीच्या आतल्या बाजूला चालेल म्हणाले आणि माल ठेवून घेतला. पुढच्या कापडाचे तिने विचारले तेव्हा त्यांनी फळीवरून विलायती लाल कापडाचा ताका काढून तिच्यासमोर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

रंगाऱ्यांत एक रीत होती. रंग चुकला की आधी मुळाकडे बघायचे. सासरा तेच करी, सूर्यभान तेच करी. पाणी नाल्याचे, तेच. तुरटी दुकानची, तीच. लेंड्या बकरीच्या, त्यांत काय बदलणार. बदलते ते मूळ. आणि खणणीच्या अखेरीस ती तिथे नव्हती. घरी येईपर्यंत वाटेत तिचे सगळे जुळून गेले: वावर लवकर मोकळे व्हावे म्हणून नत्थुजीने घाई केली असेल, फुटव्यांची कोवळी मुळे गाडीत घातली असतील.

दुसऱ्या दिवशी ती नत्थुजीच्या वावरात गेली. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला आलेल्या बाया होत्या, गोदाबाई होती. वाट पाहावी, त्याला बाजूला बोलवावे, हे तिला सुचले नाही. किती तरी दिवसांत ती कोणाशी मोठ्याने बोलली नव्हती, आणि आवाज निघाला तो तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

"कच्ची मुयं मिसयली तुमी, भाऊजी."

बायांचे हात थांबले. नत्थुजी तिच्याकडे बघत राहिला. तो रागावला असता तर बरे झाले असते.

"मंग तिसऱ्या हिवाळ्यापावतर कोनासाठी थांबलो मी?" त्याने विचारले.

 ती परत फिरली. त्याच आठवड्यात नत्थुजीने दोन्ही पट्ट्यांत नांगर घातला, आलीच्याही आणि मोकळ्या ठेवलेल्याही.

उन्हाळा वाढला. लेंड्या हव्यात का विचारायला पार्बताबाई एका सकाळी आली आणि ओट्यावर टेकली. चराईला जागा उरली नाही म्हणून ती कुरकुरत होती. पूर्वी पडीक होते, बांध होते, आता बांधाच्या पोटात शिरून लोक कापूस लावतात. म्हणून हिवाळ्यापासून ती बकऱ्यांना सरकी घालत होती. कापसातून निघालेली सरकी हवी तेवढी मिळत होती. बकऱ्या गुटगुटीत झाल्या होत्या, दूध दाट झाले होते. "लेंड्या बी पाह्य कशा झाल्या," ती कौतुकाने म्हणाली. "तूप लावल्यावानी."

मनकर्णाबाईने टोपलीतली एक लेंडी उचलली आणि बोटांत चिरडली. ती भुगा होण्याऐवजी चिकटली. तिने ती बराच वेळ बोटांत धरून ठेवली. पार्बताबाई बोलत होती, ते पुढचे तिला ऐकू आले नाही.

ती पोहऱ्याच्या टेकड्यांकडे गेली. तिथे बकऱ्या अजून झुडपे खात होत्या. कोरड्या, हलक्या लेंड्या वेचून तिने पदरात बांधून आणल्या. घरात मुळांचा थोडा चुरा उरला होता. कापडाचा एक पट्टा घेऊन तिने सगळे पहिल्यापासून केले, तेल, खार, तुडवणे, हिरडा, तुरटी, मंद जाळ. पट्टा लाल झाला. पूर्ण लाल, कडेपर्यंत.

आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत त्याचे कारण सांगता येईल. शेणा-लेंड्यांतला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तुरटीला धाग्यावर धरून ठेवतो आणि मग मुळातले रंगद्रव्य तिला येऊन मिळते. सरकीत स्फुरद भरपूर. लेंड्यांत तो प्रमाणाबाहेर उतरला असेल, तर तुरटी त्यालाच अडकून पडली असेल आणि रंगाला धरायला काही उरले नसेल. मनकर्णाबाईला यातले काही ठाऊक नव्हते. तिला एवढेच कळले की मुळे चांगली होती. तिसऱ्या हिवाळ्याची होती. दोरीवर तो लाल पट्टा वाळत होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

नत्थुजीकडे जायला तिला वेळ लागला. गेली तेव्हा पेरणी होऊन गेली होती, आलीच्या पट्ट्यात कापसाची पहिली पाने वर आली होती. नत्थुजी धुऱ्यावर बसून भाकर खात होता, गोदाबाई शेजारी होती. मनकर्णाबाईने लाल पट्टा त्याच्यापुढे धरला.

"मुयं चांगली होती, भाऊजी. लेंड्या चुकल्या माह्या. सरकी खाल्लेल्या बकऱ्यायच्या होत्या."

त्याने हात धोतराला पुसले, मग पट्टा घेतला. उन्हात धरला. "हा सूर्यभानचा रंग हाये," तो म्हणाला. पट्टा परत देत म्हणाला, "पन आता पेरलं, वयनी."

"पाह्यलं मी," मनकर्णाबाई म्हणाली. " मागाले नाई आलो. सांगाले आलो."

"म्हन्जे बकऱ्या बी कापसानं बिघडवल्या," नत्थुजी म्हणाला.

"सारं गाव बिघडलं, बकऱ्यायचं काय घेऊन बसले," गोदाबाई म्हणाली, आणि आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा तिने मनकर्णाबाईच्या हातावर ठेवला.

जाताना गोदाबाईने एक गाऱ्हाणे केले. जमिनीत तुटून राहिलेल्या मुळांतून आल पुन्हा फुटत होती, कापसाच्या तासांत, ओळीओळींत, जिकडे तिकडे. निंदणाऱ्या बाया ती वरवर खुडत, आणि ती पुन्हा येई. मनकर्णाबाई थांबली. "मी निंदून देतो," ती म्हणाली. गोदाबाईने नको म्हटले नाही.

पावसाळाभर ती निंदायला जात राहिली. आल दोन पानांवर असतानाच तिला ओळखू येई. बाया पुढे गप्पा मारत जात, ती मागून एकटी येई, विळा खोल घालून मूळ सोडवे. दोऱ्याएवढी मुळे, मोडली की आत पिवळी. ती हातात धरून बघण्याजोगी नव्हती. एका पावसाची होती. बाकीच्या गवताबरोबर ती धुऱ्यावर टाकून देई. नत्थुजी दिसला की दोघे कापसाबद्दल बोलत, किडीबद्दल बोलत. अमेरिकेतली लढाई संपल्याची खबर विलायतेहून आली होती आणि कापसाचे भाव ढासळत होते. 

पोळा झाल्यावर गाडी घेऊन ये, असा निरोप तिने देवीदासला पाठवला होता. कढई कोणाला द्यायची तेही ठरले होते.

निंदणीचे शेवटचे तास धुऱ्यालगतचे होते. तिथे आल दाट फुटली होती, हिरवीगार, कापसापेक्षा उंच. नत्थुजी बैल पाण्यावर नेत होता, तो थांबला.

"हे एक तास राहू दे, वयनी," तो म्हणाला. "कापूस नाई आला तं नाई आला. तीन वर्सं राखतो."

मनकर्णाबाईने त्या तासाकडे पाहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. 

"एका तासानं कढई भरत नाई, भाऊजी," ती म्हणाली. "आन तुमी राखली, तं मले तिकडं अकोल्याले राहवनार नाई."

 बैलांनी माना हलवल्या, मग नत्थुजी त्यांच्यामागे निघून गेला. मनकर्णाबाई खाली बसली. पहिल्या झुडपाच्या बुडाशी तिने विळा घातला, मूळ पूर्ण सुटेपर्यंत हळूहळू हलवले, माती झटकली, आणि पुढच्या झुडपाकडे सरकली.