नमुन्याची चकती

ते पत्र मीच आण्णांना वाचून दाखवलं. साखर कारखान्याच्या इंजिनिअरनं इंग्रजीत लिहिलं होतं की तुमचा गेट व्हॉल्व्ह एका हंगामात गळायला लागला, ओतकाम सदोष आहे, उरलेले अकरा परत न्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आण्णांच्या ओतकामाच्या शेडमधून साखर कारखान्याला गेलेला तो पहिलाच माल. तो परत आला असता तर दुसऱ्या कुठल्या कारखान्यानं आण्णांना दारात उभं केलं नसतं.

"तू बी चल," आण्णा म्हणाले. "त्यो इंग्रजीत बोलाय लागला तर मी काय करू?"

निघताना मी मांडणीवरची एक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये टाकली. आण्णांना सांगितलं नाही.

आमच्या कामाची रीत एकच. गिऱ्हाईकानं जुना व्हॉल्व्ह नमुना म्हणून द्यायचा, आम्ही तसाच ओतून द्यायचा. तो कुठं बसतो हे विचारणं म्हणजे आपल्याला काम येत नाही असं कबूल करणं. शेडमध्ये टायपिंग करता करता मला मात्र इंग्रजी कॅटलॉग वाचायची सवय लागली होती. गेट व्हॉल्व्हमध्ये पाचरीसारखी चकती वरखाली होते. ती पूर्ण वर घेतली की पाणी सरळ जातं. तो एक तर पूर्ण उघडायचा, नाहीतर पूर्ण बंद करायचा. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये पाण्याला वळसा पडतो, दाब थोडा मरतो, पण पाणी मोजकं सोडायचं तर तोच हवा. गेट अर्धवट उघडा ठेवला, तर खालून जोरात जाणारं पाणी चकतीची कड खातं.

कारखान्यात इंजिनिअर मराठीतच बोलले. मला इंग्रजी बरं वाटलं असतं, निदान मधे बोलायला निमित्त मिळालं असतं. टेबलावर आमचा व्हॉल्व्ह उघडून ठेवला होता, चकतीची खालची कड खाल्लेली.

"कोल्हापुरात काय, नमुना टाकला की माल तयार," ते म्हणाले. "आतून कसा का असेना."

"फोडून बघा सायेब. ओतकामात एक भोक घावलं तर अकराच्या अकरा उचलून न्हेतो," आण्णा म्हणाले.

"फोडायचं कशाला? दिसतंय की."

दाराशी व्हॉल्व्ह फिरवणारा कामगार उभा होता. मी हळूच विचारलं, "मामा, तुम्ही हा किती उघडता?"

"अडीच फेरं, पुरा न्हाई. उसाच्या चोथ्यावर गरम पाणी तेवढंच सोडायचं. जास्ती झालं की रस पातळ हुतोय, मग सायेब वरडत्यात."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

पर्समध्ये नमुन्याची जुनी चकती होती. तिचीही कड तशीच खाल्लेली. ती काढली तर आमचं ओतकाम सुटणार होतं, पण आण्णा अडकणार होते. साचा करताना मिस्त्रीनं ती कड तेवढ्यापुरती लांबी, म्हणजे पुट्टी, लावून भरून घेतली आणि नंतर खरवडून टाकली, तेव्हा आण्णा शेजारीच उभे होते. ती का झिजली, कुणी विचारलं नाही. टाइपरायटरमागून मीही पाहिलं आणि गप्प बसले.

इंजिनिअरनी कागद पुढं सरकवला. "माल परत मिळाला म्हणून सही करा."

आण्णा खिशात पेन चाचपायला लागले. तेव्हा मी चकती टेबलावर ठेवली.

"ही कुठली?"

"तुमच्याच नमुन्याची," मी म्हणाले. "ओतकाम दुसऱ्याचं, झीज तीच. या जागी ग्लोब हवा."

"व्हय की," कामगार म्हणाला. "दर दोन हंगामाला हितला वॉल बदलतच आलोय."

"मग बोलला का नाहीस?" इंजिनिअरनी त्याला विचारलं.

"इचारलं कुनी?"

इंजिनिअरनी दोन्ही चकत्यांवरून अंगठा फिरवला. मग आण्णांना विचारलं, "ही झीज तुम्ही पाहिली नव्हती?"

मी जमिनीकडं बघत राहिले.

"बघितली हुती सायेब," आण्णा म्हणाले. "लांबी भरून घेतली."

मग इंजिनिअरनी कागद मागं ओढला. "अकरा राहू देत, उघड-बंदच्या लाइनींना. इथं ग्लोब करून आणा."

परतताना पंचगंगेचा पूल लागला. आण्णा म्हणाले, "कवाधरनं ठावं हुतं तुला?"

"नमुना आला तेव्हापासून."



पुढच्या आठवड्यात इचलकरंजीहून एकजण पोत्यात जुना व्हॉल्व्ह घेऊन आला. आण्णांनी पोत्याला हात लावला नाही.

"पावणं, बसा आधी. ह्यो कुठं बसतोय, किती उघडताय, सांगा." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू लिहून घे."