वैतरणेच्या काठावर टाळलेलं दहा मिनिटांचं काम

सकाळी आठला जनाबाईच्या सुनेचा फोन आला तेव्हा आई पोळ्या करत होती. जनाबाई म्हणजे आईची लहानपणची मैत्रीण, वैतरणा धरणापलीकडच्या पाड्यावर राहणारी. महिनाभर अंथरुणालाच खिळलेली. "आज लय आठवण काढत्यात तुमची, येऊन जा," सून म्हणाली. आईने गॅस बंद केला.

नाशिकहून घोटीपर्यंत हायवे मस्त आहे, पुढे धरणाकडे वळलं की खड्डे. एकूण दीड तास धरा. घोटीत मिसळ चांगली मिळते, पण आई गाडीतून उतरलीच नाही.

धरणाच्या काठावर माझी छोटी बोट असते. पक्षी बघायला घेतलेली, बॅटरीच्या मोटरवर चालणारी. गावातले सोमाकाका ती सांभाळतात. पाड्यावर गाडीने जायचं तर पाण्याला वळसा घालून दोन तास, बोटीने वीस मिनिटं.

सोमाकाकांनी बॅटरीचं झाकण उघडून दाखवलं. "दादा, टर्मिनलवर हिरवं-पांढरं फुललंय. मागच्या खेपेलाबी सांगितलं व्हतं. घासून देऊ? दहा मिनिटांचं काम हाय."

"आल्यावर बघू, काका. घाई आहे."

पाण्याच्या मधोमध मोटर मंदावली आणि थांबली. वायर हलवली की क्षणभर चालायची, पुन्हा बंद. पाना गाडीत राहिलेला. वल्हं एकच आणि वारा समोरून. आईने एकदाच विचारलं, "अजून किती रे?" निघालो होतो त्याच काठाला आम्ही दीड तासाने परत लागलो. मग गाडी काढली.

पाड्यावर पोचलो तेव्हा जनाबाईचे डोळे उघडे होते, पण त्यात ओळख नव्हती.

"अकरापर्यंत बोलत व्हत्या," सून म्हणाली. "दार वाजलं की इचारायच्या, शांता आली का? तिला काहीतरी सांगायचंय."

आई संध्याकाळपर्यंत तिचा हात धरून बसली. दोन दिवसांनी जनाबाई गेली.

तुमची बोट असेल तर एवढं कराच. आधी वायरी काढा, निगेटिव्ह पहिली. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल घासा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा, वायरी घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. दमट हवेत महिन्यातून एकदा बघत जा. मी आता बघतो.

आईने मला अजून एका शब्दाने बोल लावलेला नाही. परवा न राहवून मीच विचारलं, "काय सांगायचं असेल गं जनाबाईला?"

भाजी निवडता निवडता ती थांबली. "मीही तेच शोधत असते रे," म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली.