पिल्लांना रक्ताची हगवण कशानं लागली

कुठलीही गोष्ट काडीनं उकरून बघायची मला लहानपणापासूनची खोड. सासूबाई म्हणतात, "पोलिसात जाचं होतं, शिलाई मशीनवर कायले बसली?" साकोलीजवळच्या एकोडीत मी ब्लाउज शिवते आणि उरलेल्या चिंध्यांच्या गोधड्या करते. चिंधी टाकून देणं मला जमत नाही, तसंच एखादा प्रश्न अर्धवट सोडणंही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरामागच्या तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगात गावातल्या एका कुत्रीनं तीन पिल्लं घातली. एक काळं, एक तांबूस आणि एक पांढऱ्या कानाचं. महिना-दीड महिन्यांची झाली तशी ती ताटलीतलं चाटायला लागली. पांढऱ्या कानाचं शेजारच्या काकींनी आधीच मागून ठेवलं होतं. काकी तलावात मासे धरतात. मुलगा कामाला नागपुरात, नवरा वारलेला, त्यामुळे उजाडायच्या आत जाळं ओढायला एकट्याच जातात. "तलावाच्या पारीवर एकटं जायले आता बेस नाई लागत," त्या म्हणाल्या होत्या, "मांगं कोनीतरी चालून राहिलं पायजे." तलावावरून परतताना त्या रोज पळसाच्या पानावर थोडी उकडलेली मासळी पिल्लांना घालत.

थंडी वाढली तेव्हा मी पिल्लांखाली एक लहान गोधडी अंथरली. माझ्याच हातची होती. पवनीला माझ्या बहिणीनं पिल्लू आणलं होतं, त्याच्यासाठी शिवून दिलेली. ते पिल्लू दगावलं, तेव्हा बहिणीनं गोधडी साबणानं धुऊन, कडक उन्हात वाळवून परत पाठवली. चांगली गोधडी कशाला वाया घालवायची?

पाचव्या-सहाव्या दिवशी काळं पिल्लू ताटलीकडे आलं नाही. दोनदा ओकलं, मग पाण्यासारखं हगलं, आणि त्यात रक्त. वास असा की तणशीजवळ उभं राहवेना. मी काडी घेऊन बसलेच.

घरात प्रत्येकाकडे एक कारण तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, "दात येऊन राहिले, म्हणून." नवऱ्याला वाटलं नजर लागली. मला वेगळीच भीती. धानाच्या ढोलीखाली त्यानंच उंदराच्या औषधाच्या वड्या ठेवल्या होत्या, आणि ते औषध पोटात गेलं की रक्त जातं हे मी ऐकलं होतं. पालथी पडून मी वड्या मोजल्या. ठेवल्या होत्या तेवढ्या, जिथल्या तिथे, एकही कुरतडलेली नव्हती. मग जंत शोधले, दिसले नाहीत. माशाचे काटे शोधले. एकसुद्धा सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळं पिल्लू मरून पडलेलं होतं. तेवढ्यात काकी पळसाचं पान घेऊन आल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकी, तुमच्या काट्यानंच मेलं ते. आतडं फाटलं असंल. नका आनू आता मासळी."

काडीनं शोधून एकही काटा सापडला नव्हता, तरी मी हे बोलले. बोलताना खात्रीनंच बोलले. काकींनी पानाकडे पाहिलं, पान मिटलं आणि परत गेल्या. त्या दिवसापासून त्या आमच्या अंगणातून जायच्या बंद झाल्या. तलावाकडे जायला लांबचा रस्ता धरला.

मासळी बंद झाली, पण हगवण थांबली नाही. तांबूस पिल्लू त्याच संध्याकाळी ओकायला लागलं आणि सकाळपर्यंत गेलं. आता राहिलं पांढऱ्या कानाचं, तेही मान टाकून पडलेलं. मी त्याला पिशवीत घातलं, हगवणीचा नमुना चुन्याच्या रिकाम्या डबीत घेतला आणि नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून साकोलीला जनावरांच्या दवाखान्यात गेले. नवरा रस्ताभर म्हणत होता, "डबी माझ्या खिशात नोको ठेवू."

डॉक्टर तरुण होते. डबी बघून हसले नाहीत, म्हणून मला ते आवडले. त्यांनी पिल्लाचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या. मी विचारलं, रक्त लाल का, काळं का नाही? ते म्हणाले, "वरून, जठराकडून आलं तर पचून काळं होतं. लाल म्हणजे खालच्या आतड्यातलं, किंवा इतकं वेगानं आलेलं की पचायला वेळच मिळाला नाही." कारणं पुष्कळ असतात, असं ते सांगत होते. आतड्याला चिकटून रक्त पिणारे बारीक जंत असतात, ते आईच्या दुधातूनही पिल्लात जातात आणि नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. उकिरड्यावरचं कुजकं खाऊन होतं, विषानं होतं, हाडाच्या तुकड्यानंही होतं. "पण एकापाठोपाठ तिन्ही पिल्लांना, ओकारीसकट, आणि हा वास? मला पार्वो वाटतो. विषाणू आहे." त्यांनी नमुन्याचा थेंब एका पट्टीवर टाकला. दोन रेषा उमटल्या. दिवस गेलेत की नाही बघायच्या पट्टीवर उमटतात तशाच.

मी विचारलं, हा येतो कुठून?

"आजारी पिल्लाच्या विष्ठेतून. जमिनीत, कपड्यात महिनोन् महिने टिकतो. साध्या साबणानं मरत नाही, ब्लीचिंगचं पाणी लागतं. गेल्या आठ-दहा दिवसांत पिल्लांजवळ नवीन काही आणलं होतं का?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. शेवटी मी गोधडीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "असू शकतं. चपलेला लागून रस्त्यावरूनही येतो, नक्की सांगता येत नाही."

त्यांनी मला सुटायला दार उघडून दिलं होतं. आपण म्हणायचं, चपलेनं आला. कोण विचारतंय?

तीन दिवस रोज साकोली. सलाइन, ओकारीची आणि जंतूंची इंजेक्शनं, आणि घरी चमच्यानं थोडं थोडं पाणी. गोधडी मी जाळली. टाके माझेच होते, जळताना एकेक ओळखू येत होता. चौथ्या दिवशी पिल्लानं भाताची पेज चाटली आणि मी तणशीजवळ बसून रडले. आनंद होताच, पण लाज जास्त होती. नवऱ्याच्या वड्या मोजल्या, काकींचे काटे शोधले, फक्त स्वतःच्या हातचं काम तपासायचं सुचलं नाही.

पिल्लू बागडायला लागलं, तसं रोज वाटायचं, आज जाऊ. रोज एखादं ब्लाउज निघायचं. शेवटी एका दुपारी गेले. काकी ओसरीवर जाळं सांधत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पवनीचं पिल्लू, गोधडी, साबण, दोन रेषा. म्हणाले, "काकी, तुमची मासळी नव्हती. मी आनलेल्या गोधडीनं झालं."

त्यांचा हात थांबला नाही. जाळ्याची गाठ आवळत त्यांनी विचारलं, "पवनीचं पिल्लू मेलं, तवा कोनाचं नाव घेतलं होतं?"

मला आठवलं. बहिणीचा फोन आला होता, रक्ताची हगवण लागली म्हणून. पिल्लू न बघता, इथून, मशीनवर बसल्या बसल्या मी म्हणाले होते, "तुमच्याकडं नदीवरची मासळी येते ना? तीच खाल्ली असंल." तिथेही कुणा मासेवालीनं त्यांच्या दारावरून जाणं सोडलं असेल, मला माहीत नाही.

मी खरं ते सांगितलं. काकी "हं" एवढंच म्हणाल्या.

महिनाभर त्याला दुसऱ्या पिल्लांत मिसळू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिना उलटला तशी मी पांढऱ्या कानाचं पिल्लू घेऊन त्यांच्याकडे गेले. बरोबर गोधडी नेली नाही. काकी आत गेल्या आणि पळसाच्या पानावर उकडलेली मासळी घेऊन बाहेर आल्या. माझ्यासमोर बसून बोटांनी एकेक काटा वेगळा काढू लागल्या. इतक्या बारकाईनं मी कधी टाका घातला नसेल. रोज असंच करत असणार त्या, आमच्या अंगणात यायच्या आधी.

काढून झालं तशी त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं.

"पाह्यून घे बाई," त्या म्हणाल्या. "तुले सवय हाये."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पिल्लू पिशवीतून मान काढून वास घेत होतं. मी पान तसंच, न बघता, त्याच्यापुढे ठेवलं.