सिंह, पाखरं आणि शेजारचे काका

सशाच्या सिनेमातही सरकार शोधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते हिंदी मुलखातल्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधले आमचे शेजारी. मी त्यांना काका म्हणायची. क्लबच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुलांसाठी सिनेमा असायचा. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत पडदा कोरा. तेवढ्यात काका पडद्यापुढे हजर! "पोरांनो, ससे रांगेत उभे अन् लांडगा भाषण देऊन राहिला. गाजरं कोणाच्या घरी गेली, विचारा त्याले!" आम्ही शेंगांची टरफलं फेकायचो. काकू कपाळाला हात लावायच्या, "अहो, पोरायले हसू द्या नं जराशी!" स्वतःला मूलबाळ नव्हतं, म्हणून हा माणूस हॉलभर पोरांना शहाणं करायला निघाला होता.

मग आणीबाणी आली. मोठी माणसं कुजबुजत बोलू लागली, आणि सिनेमेही बदलले. एकात सिंह पाखरांचं गाणं बंद करतो आणि जंगलातली कामं भराभर होऊ लागतात. त्या रविवारी काका तापाने फणफणले होते. औषध माझ्या बाबांनीच नेऊन दिलं होतं. मी तेव्हा सहावीत. शाळेतल्या निबंधात लिहिलं, सिंह घाबरट आहे म्हणून त्याला गाणं चालत नाही, आपल्याकडेही तसंच आहे.

गुरुजी हादरले. ते क्लबच्या कमिटीवरही होते. बाबांना आणि मला कमिटीपुढे उभं केलं. कमिटीतल्या कारखान्याच्या साहेबांनी बाबांना विचारलं, "यह सब घर पर सिखाते हो क्या?" बाबांच्या नोकरीचा प्रश्न होता. काका न बोलावता येऊन मागे उभे होते. "म्या शिकवलं. काहून, चुकलं का तिचं?" बाबांना खरं ठाऊक होतं. ते जमिनीकडे पाहत राहिले.

काकांना हॉल कायमचा बंद झाला, आणि मला काकांचं घर. ते बाबांनी बंद केलं. याला भित्रेपणाच म्हणतात, दुसरा बरा शब्द मला आजही सापडलेला नाही. दर रविवारी काका धुतलेला शर्ट घालून आपल्या घराच्या पायरीवर बसायचे, आणि आम्ही पोरं मान खाली घालून हॉलकडे जायचो. मीसुद्धा.

रिटायर होऊन ते वर्ध्याला निघाले तेव्हा मी कॉलेजात होते. ट्रकमध्ये सामान चढत होतं. माफी मागायची असं ठरवूनच गेले.

"ये बाई! तो सिंहाचा सिनेमा मी पाहिलाच नाही नं. शेवटी काय झालं होतं?"

"पाखरांनी सिंहाची माफी मागितली, काका."

ते ट्रंकेवर बसले. "लहान लेकरायले हे दाखवलं?" एवढंच म्हणाले, तेही हळू.

त्यानंतर माझ्या तोंडून माफी निघेना. मी काकूंच्या हातातली भांडी घेतली आणि ट्रकमध्ये ठेवत राहिले.