आयरिनीची रेघ

ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरून अमेरिकेत ओहायोतल्या कॅम्पबेल गावात आलेल्या लोकांचे आजोबा स्पंज काढायला समुद्राच्या तळाशी उतरायचे, आणि नातू रंग द्यायला पुलांवर चढतात. सपाट जमिनीवर पोट भरणं या लोकांना कधी जमलंच नाही. आयरिनी मॅगलिसचा नवरा असाच पुलावरून पडून गेला. तोही रंग देताना नव्हे. दिलेल्या रंगावर ओरखडा उठला होता, तो बुजवायला पुन्हा चढला तेव्हा.

पुढे तिला रंगांच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, तेही नेमकं ओरखडे काढायचं. रंगवलेल्या पोलादी पट्टीवर टोकदार हत्याराने रेघ मारायची, ती खालचं पोलाद चकाकेपर्यंत. मग पट्टी खाऱ्या धुक्याच्या पेटीत ठेवायची आणि गंज किती पसरतो ते बघायचं. आयरिनीचा हात भलताच जड. रसायनतज्ज्ञ डेल व्हिटकम म्हणायचा, "बाई, त्या पट्टीने तुझं काय घोडं मारलंय?"

यंदा डेलने नवा रंग तयार केला. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या कुप्या होत्या. ओरखडा पडला की त्या फुटायच्या आणि आतला द्रव पसरून रेघ बुजवायचा.

"म्हणजे बुजवायला कुणी वर चढायला नको?" आयरिनीने विचारलं.

"आपोआप भरल्यावर चढायचं कशाला?"

तिचा मुलगा नोमिकोस एप्रिलमध्ये मामाबरोबर पहिल्यांदाच पुलावर जाणार होता. नव्या रंगाच्या पट्टीवर रेघ मारताना तिचा हात हलका पडला. पोलाद चकाकलं नाही. तिने ते पाहिलं आणि पट्टी तशीच पेटीत ठेवली.

पट्टी बाहेर आली तेव्हा गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. डेलने सगळ्यांसाठी केक मागवला. "आता एखाद्या पुलावरच लावून बघू!" तो म्हणाला. आयरिनीने केकची बशी तशीच खाली ठेवली. रंगावर भरवसा ठेवून त्या पुलाकडे कुणी फिरकणार नाही, आतून गंज खात राहील, आणि त्याच पोलादाला दोर बांधून एक दिवस कुणाचा तरी मुलगा लटकेल.

"डेल, ही जखम भरलेली नाही," ती म्हणाली. "मी ती केलीच नव्हती. हात राखून रेघ मारली."

"तू? अगं, पण का?"

"माझा मुलगा चढतोय."

डेलने नवी पट्टी तिच्यापुढे ठेवली. या खेपेला तिने सगळा भार टाकून रेघ ओढली. पेटीतून पट्टी बाहेर आली तेव्हा रेघ अर्धी बुजलेली होती आणि उरलेली गंजाने लालभडक.

"अर्धी तर भरली!" डेल म्हणाला. "अजून दोन-तीन वर्षं लागतील, पण होईल."

आयरिनीला आनंद झाला आणि रडूही आलं. एप्रिल काही दोन-तीन वर्षं थांबणार नव्हता.

निघायच्या सकाळी तिने नोमिकोसच्या हातात भात भरलेल्या द्राक्षपानांचा डबा दिला. मग त्याच्या कमरेचा सुरक्षापट्टा धरून असा हिसका दिला की तो दारातच धडपडला.

"आई! पाडशील ना मला!"

"पडायचं तर इथे पड," ती म्हणाली, आणि पट्टा पुन्हा एकदा सगळा भार टाकून ओढला.