सी गूतींनी काढायला लावलेला परिच्छेद

अल्जीरियातल्या त्लेमसेन गावात कुणाची मुलगी परदेशी शिकायला निघाली, हे शेजाऱ्यांना ती गेल्यावरच कळतं. आधी बोलायची सोय नाही. दृष्ट लागते, होत आलेलं काम अडतं. त्यामुळे सी गूती बेनकल्फात यांच्याकडे येणारं प्रत्येक पोर खोटं बोलतच उंबरा ओलांडायचं. सी गूती म्हणजे फ्रेंचचे निवृत्त मास्तर; 'सी' हे तिकडचं 'राव', आणि पोरं मास्तरांना मानानं 'शेख' म्हणत. फ्रान्समधल्या विद्यापीठात फ्रेंच साहित्य घेऊन पुढं शिकायचं तर अर्जासोबत 'मला हे का शिकायचंय' असं निवेदन जोडावं लागतं. मास्तरांनी ऐकल्याशिवाय ते पाठवायची गावात कुणाची छाती नव्हती.

"शेख, हे माझं नाही हं, मावसबहिणीचं आहे."

"असं का? तुझ्या मावसबहिणीनं गेल्या सालीही अर्ज केला होता. दमत कशी नाही बाई! वाच."

कागदाला ते हात लावत नसत. पोरांनी उभं राहून खणखणीत वाचायचं, मास्तरांनी डोळे मिटून ऐकायचं. खोटं वाक्य कागदावर गुमान बसतं, तोंडात आलं की दाताखाली खडा येतो, असं त्यांचं म्हणणं. वाचणारा अडखळला की ते म्हणत, "काढ ते." रडारड केली तरी ऐकत नसत. फार खडूस माणूस!

बायको गेली, मागोमाग मूत्रपिंडांनी दगा दिला. तेव्हापासून एक दिवसाआड इस्पितळात जायचं आणि रक्त धुणाऱ्या त्या यंत्राला जोडून घेऊन पडायचं. सोबत मुलगी, हनान. सकाळी शाळेत लहान मुलांना शिकवायची आणि दुपारी बापाचा दंड धरून टॅक्सीत बसवायची. खाटेशेजारच्या स्टुलावर पुस्तक उघडून बसायची. पोरीला कंटाळा येतो, वेळ घालवते बिचारी, असं सी गूतींना वाटायचं. दोघं जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची, तिचं पुढं काय, हा एक सोडून.

त्या हिवाळ्यात सिहाम आली. हनानची शाळेपासूनची मैत्रीण. स्वतःचं निवेदन वाचून झाल्यावर तिनं दुसरा कागद काढला.

"हे एका मैत्रिणीचं आहे, शेख."

"आता मैत्रीण! मावसबहिणी संपल्या वाटतं. वाच."

सिहाम वाचू लागली. 'फ्रेंच कादंबरी मी वर्गात शिकले नाही, इस्पितळात शिकले. वडील यंत्राला जोडलेले असतात, मी शेजारी वाचत बसते. एखादं पान आवडलं की हलक्या आवाजात वाचते. ते झोपलेले असतात, तरी त्यांनाच वाचून दाखवते.'

सी गूतींनी डोळे उघडले. सिहामनं कागदातून मान वर केली नाही. कानशिलं मात्र लालबुंद झाली होती.

"थांबलीस का? पुढं."

पुढं शेवटचा परिच्छेद होता. 'प्रवेश मिळाला तरी वडिलांना सोडून मी लगेच येऊ शकेन असं वाटत नाही. जागा राखून ठेवता येईल का?' हे वाचताना सिहाम अडखळली.

मास्तरांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. मनात नाही नाही ते आलं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. सगळंच कच्चं आहे, पुढच्या वर्षी बघू म्हणून सांग तिला, एवढं म्हटलं असतं तर पोरगी जन्मभर स्टुलावर बसून राहिली असती, आणि वर बापाचे उपकार मानले असते. मोह झाला त्यांना. का होऊ नये? माणूसच ते, देवदूत थोडेच!

"इस्पितळातलं सगळं ठेव," ते शेवटी म्हणाले. "शब्दालाही हात लावू नकोस. सोनं आहे ते. शेवटचा परिच्छेद काढ."

"पण शेख, ते खरं आहे."

"खरं असेल. पण ते विद्यापीठाला विचारलेलं नाही. ज्याला विचारलंय त्यानं ऐकलं. काढ म्हणतो ना!"

सिहामनं तिथंच रेघ मारली. कागद हनानकडं पोचला, तेव्हा ती स्वयंपाकघरात बापाचं बिनमिठाचं सूप ढवळत होती. रेघ बघितली. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून ओक्साबोक्शी रडली. पलीकडच्या खोलीत सी गूतींनी रेडिओ मोठा केला.

पुढच्या पाळीला हनान कोट घालून दाराशी आली, तर खाली शेजारचे बूमदियन टॅक्सी घेऊन उभे. बाप जिन्याचा कठडा धरून एकटाच उतरत होता.

"बाबा, थांबा, मी येते ना."

"बूमदियन नेतो, तोच आणतो. त्याच्याशी ठरलंय माझं. तू घरी बस. मुलाखतीला बोलावतील, नुसतं लिहून भागत नाही. मोठ्यानं बोलायची सवय कर."

"कसली मुलाखत?" हनान कशीबशी म्हणाली.

"मला काय माहीत! मला कुणी काही सांगितलंय का?"

इस्पितळात शेजारच्या खाटेवर हाज मुराद असायचे. किराणा दुकानदार, तोंडाचे फटकळ. यंत्र सुरू झालं तसं त्यांनी मोकळ्या स्टुलाकडं बोट केलं.

"काय मास्तर, आज लेक नाही? सदा पुस्तकात डोकं असायचं तिचं. कुठं फ्रान्सला बिन्सला धाडता की काय?"

आयुष्यभर सी गूती या दृष्ट लागण्याच्या खुळाला हसत आले होते. शिकलेल्या माणसानं असलं मानू नये, असं पोरांना बजावत आले होते. हाज मुरादना डोळे दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

"तिला कोण घेतंय फ्रान्सला?" ते म्हणाले. "एक वाक्य धड लिहिता येत नाही पोरीला."